इंग्लिश वाक्यात कॉमा नेमका कुठे? क्लॉज, फ्रेझ आणि आपल्या मराठी सवयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही ऑफिसच्या नोटिशीत हे वाक्य लिहिलंत: 'द कँडिडेट्स, हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म, विल नॉट बी अलाउड, बिकॉज द लास्ट डेट इज ओव्हर.' साहेबांनी तिसरा कॉमा खोडला, पहिले दोन तसेच ठेवले, ग्रामर चेकरने आणखी भलतंच काहीतरी सुचवलं, आणि आता तुम्हाला कळेना की कॉमा टाकायचा तरी कुठल्या हिशोबाने. या वाक्यावर शेवटी येते, आत्ताच उत्तर दिलं तर नुसतं पाठ होईल.

मी गेली २२ वर्षं इंग्लिश मजकूर तपासायचं काम करते, त्यातला बराचसा मराठी माणसांनी लिहिलेला असतो, त्यामुळे आपण कुठे अडखळतो ते आता जवळजवळ पाठ झालंय. उदाहरणं देवनागरीतच टाईप करतेय, फोनवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे 'जिथे श्वास घ्याल तिथे कॉमा' हे डोक्यातून काढून टाका. हे शिकवणाऱ्या बाई खोटं बोलत नव्हत्या बरं का, एके काळी ते खरंच तसं होतं. इ.स.पूर्व ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनिसने मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी ठिपक्यांची पद्धत काढली, कुठे किती थांबायचं ते दाखवायला. 'कोम्मा' या ग्रीक शब्दाचा अर्थ कापलेला तुकडा, म्हणजे ते नाव आधी वाक्याच्या तुकड्याचं होतं, चिन्हाला नंतर चिकटलं. आजचा शेपटीवाला आकार १४९० च्या दशकात व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून रुळला. पुढे लोक मनात वाचायला लागले आणि हळूहळू इंग्लिशमध्ये कॉमाचं काम बदललं, आता तो वाक्याची रचना दाखवतो, कुठला तुकडा कुठे संपला आणि मुख्य वाक्य कुठे सुरू झालं ते. मराठीत तर १९व्या शतकात मेजर कँडी या मराठी शिकलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने ही चिन्हं इंग्लिशवरूनच आणली, पण आपण ती आपल्या बोलण्याच्या चालीने वापरायला लागलो. आणि मग तीच चाल परत इंग्लिशमध्ये घेऊन जातो, गोंधळ तिथे होतो.

तर आता रचना. शाळेत केवल वाक्य, मिश्र वाक्य, संयुक्त वाक्य केलं होतं ना? तेच इथे कामाला येतं, फुकट गेलेलं नाही ते. क्लॉज म्हणजे ज्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं काळ दाखवणारं क्रियापद आहे असा तुकडा. फ्रेझमध्ये ही जोडी नसते. 'आफ्टर द मीटिंग' ही फ्रेझ, 'आफ्टर द मीटिंग एंडेड' हा क्लॉज. क्लॉजमध्येही जो एकटा उभा राहू शकतो तो प्रधान, आणि व्हेन, इफ, बिकॉज, ऑलदो, हू, विच असलं काहीतरी डोक्यावर घेऊन येतो तो गौण. मी अजूनही लांबलचक वाक्य आलं की पेन्सिलने आधी क्रियापदांखाली रेघा मारते, मग प्रत्येकाचा कर्ता शोधते, आणि त्यातलं प्रधान कुठलं ते ठरवते. कॉमाचा विचार त्यानंतर. उलटं केलं की फसायला होतं.

दोन प्रधान वाक्यं अँड, बट, सो, ऑर यांनी जोडली तर त्या शब्दाच्या आधी कॉमा. 'आय कॉल्ड हिम ट्वाइस, बट ही डिड नॉट आन्सर.' दोन्ही अगदी छोटी असली तर नाही टाकला तरी चालतं. पण दुसऱ्या भागात नवीन कर्ताच नसेल तर कॉमा नको: 'आय ओपन्ड द फाईल अँड फाउंड द मिस्टेक.' इथे 'फाईल' नंतर कॉमा टाकणारे खूप भेटतात, कारण बोलताना आपण तिथे थांबतो. अपवाद एकच लक्षात ठेवा, अर्थ घसरत असेल तर टाका. 'शी सॉ द मॅन हू हॅड स्टोलन हर बॅग अँड स्क्रीम्ड.' ओरडलं कोण? चोर, असंच वाचलं जाईल. 'बॅग' नंतर कॉमा टाकला की ओरडणारी ती झाली.

आता आपला सगळ्यात मोठा गुन्हा. मराठीत आपण आरामात लिहितो, 'मी गेलो, तो नव्हता, परत आलो.' छान वाटतं, कुणाला खटकत नाही. हेच इंग्लिशमध्ये 'आय वेंट टू हिज ऑफिस, ही वॉज नॉट देअर, आय केम बॅक' केलं की त्याला कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि तपासणारा लाल पेन उचलतो. दोन प्रधान वाक्यं नुसत्या कॉमाने शिवता येत नाहीत, कॉमाच्या जोडीला अँड किंवा बट हवं, नाहीतर सरळ पूर्णविराम द्या, नाहीतर सेमिकोलन. कथाकादंबरीत मुरलेले लेखक मुद्दाम हा नियम मोडतात, ते वेगळं, ऑफिसच्या मेलमध्ये ती कला दाखवायला जाऊ नये. आणि हाउएव्हर, देअरफोर हे जोडणारे शब्द नाहीत, दिसतात फक्त तसे. 'द बिल वॉज राँग, हाउएव्हर, वी पेड इट' हे चूक. 'राँग' नंतर सेमिकोलन किंवा पूर्णविराम, मग 'हाउएव्हर', मग कॉमा. ही एक गोष्ट सुधारलीत तरी तुमच्या मेलमधला अर्धा लाल रंग जाईल, मी बऱ्याच जणांचा जाताना बघितलाय.

गौण वाक्याचं बऱ्यापैकी सोपं आहे. ते आधी आलं तर संपल्यावर कॉमा: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' नंतर आलं तर बहुतेक वेळा कॉमा नाही: 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टेशन.' आधी आल्यावर कॉमा का, तर वाचणाऱ्याला कळायला हवं की प्रस्तावना संपली आणि आता मुद्दा. तो गाळला की काय होतं बघा: 'व्हाइल द चिल्ड्रन वेअर प्लेइंग द पियानो वॉज मूव्हड टू द हॉल.' आधी वाटतं पोरं पियानो वाजवत होती, मग 'वॉज' आल्यावर डोकं आपटतं आणि मागे जाऊन परत वाचावं लागतं. 'प्लेइंग' नंतर एक कॉमा, की संपलं.

नंतर येणाऱ्यात ऑलदो आणि व्हेअरॲज यांच्या आधी मात्र कॉमा येतो, कारण ते विरोध दाखवतात. व्हाइलचे दोन अर्थ आहेत, आणि कुठला ते कॉमा सांगतो. 'ही रीड्स व्हाइल शी पेंट्स' म्हणजे एकाच वेळी चाललंय. 'ही वर्क्स ॲट नाइट, व्हाइल हिज सिस्टर वर्क्स इन द मॉर्निंग' म्हणजे 'तर'. पहिल्यात कॉमा नाही, दुसऱ्यात आहे.

बिकॉजवर जरा थांबते, तुमचा प्रश्नच त्याच्यावरून सुरू झालाय. 'बिकॉजच्या आधी कधीच कॉमा नसतो' असं छातीठोक सांगणारे लोक आहेत. साधारण बरोबर आहे ते, पण 'कधीच' नाही. हे वाक्य घ्या: 'ही डिड नॉट कम बिकॉज ही वॉज अँग्री.' याचे दोन अर्थ होतात. तो रागावला होता म्हणून आला नाही, हा एक. दुसरा, तो आला, पण रागावला होता म्हणून नव्हे, कारण वेगळंच होतं. 'नॉट' कशाला लागू होतं, नुसत्या येण्याला की कारणासकट सगळ्याला, हे वाक्यावरून कळतच नाही. 'कम' नंतर कॉमा टाकला की 'नॉट' तिथेच अडतं आणि पहिला अर्थ पक्का होतो. म्हणून माझा नियम असा: मुख्य वाक्य होकारार्थी असेल तर बिकॉजच्या आधी सहसा कॉमा नाही, नकारार्थी असेल तर थांबून दोन्ही अर्थ वाचून बघायचे. मराठीत हा घोळ होतच नाही, 'म्हणून आला नाही' आणि 'म्हणून नव्हे, दुसऱ्या कारणाने आला' हे शब्दांतूनच वेगळं होतं, त्यामुळे आपल्याला हा धोका दिसत नाही.

फ्रेझ सुरुवातीला आली तर छोटीला कॉमा ऐच्छिक, लांब असेल तर टाकलेला बरा. 'इन २०१९ वी मूव्हड' चालतं, 'इन २०१९, वी मूव्हड' पण चालतं, एकाच मजकुरात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं. पण आयएनजीने सुरू होणाऱ्या फ्रेझला जपून. 'वॉकिंग टू द स्टेशन, आय मेट अॅन ओल्ड फ्रेंड.' इथे कॉमा हवा, ती फ्रेझ बाजूची माहिती आहे. 'वॉकिंग टू द स्टेशन टेक्स टेन मिनिट्स.' इथे नको, कारण इथे ती फ्रेझच कर्ता आहे, चालायला दहा मिनिटं लागतात. दिसायला दोन्ही सारख्या, आणि मुलं दुसऱ्यातही कॉमा टाकतात. ओळखायची खूण सोपी आहे, पुढे आलेल्या क्रियापदाला विचारा 'कोण?' उत्तर ती फ्रेझच असेल तर कॉमा नाही. जाता जाता, पहिल्या प्रकारात कॉमानंतर लगेच जो येतो तोच चालणारा समजला जातो, 'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड' म्हणजे पाऊस स्टेशनला चालत निघाला होता. कॉमा बरोबर असूनही वाक्य हास्यास्पद.

कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा कधीच नाही. कितीही लांबलचक कर्ता असला तरी. 'द रिपोर्ट दॅट यू सेंट मी लास्ट वीक, इज नॉट ओपनिंग' हे मला आठवड्यातून दोनदा तरी दिसतं. का होतं ते समजतं मला, मराठीत 'तुम्ही मागच्या आठवड्यात पाठवलेला जो रिपोर्ट होता' एवढं म्हटल्यावर आपण दम घेतोच. इंग्लिशमध्ये त्या जागी काही नाही. एक तर दोन कॉमा किंवा एकही नाही.

तसाच 'की'. आपण लिहितो, 'तो म्हणाला, की उद्या येतो.' इंग्लिशमध्ये 'ही सेड दॅट ही वुड कम', दॅटच्या आधी कॉमा नाही, नंतरही नाही. नो, थिंक, होप, रिअलाइज, सगळ्यांचं तेच, क्रियापदानंतर दॅट आला की कॉमा विसरा. थेट अवतरण असेल तरच 'ही सेड' नंतर कॉमा. यावर जास्त बोलण्यासारखं नाही, सवय लागेपर्यंत पाहिजे तर लिहून झाल्यावर सगळे 'कॉमा दॅट' शोधून उडवा, दोनचार खरे असतील तेवढे ठेवा.

आता हू आणि विच. खरा मुद्दा हा आहे, आणि नुसते नियम पाठ करून इथे कुणाचं निभावत नाही. 'द वर्कर्स हू हॅड फिनिश्ड वेंट होम.' 'द वर्कर्स, हू हॅड फिनिश्ड, वेंट होम.' शब्द तेच, पण पहिल्यात फक्त ज्यांचं काम संपलं ते गेले, बाकीचे अजून राबतायत. दुसऱ्यात सगळेच गेले आणि सगळ्यांचंच काम संपलं होतं. पुस्तकात याला डिफायनिंग आणि नॉन-डिफायनिंग म्हणतात, ती नावं लक्षात राहत नाहीत, मी मराठीची कसोटी लावते. वाक्य मनात मराठी करा. 'ज्यांचं काम झालं होतं ते कामगार घरी गेले' असं 'जो-तो' ने व्हायला हवं असेल तर कॉमा नाही, कारण तो तुकडा कुठले कामगार ते सांगतोय. आणि 'कामगार घरी गेले, काम झालंच होतं त्यांचं' असं मागून जोडलेलं चालत असेल तर दोन्ही बाजूंना कॉमा. ही कसोटी मला कुणी शिकवलेली नाही, कामात सापडली, आणि आजवर क्वचितच फसलीय.

ती सापडली कशी तेही सांगते. नवीन होते, एका संस्थेचा वार्षिक अहवाल तपासायला आला होता. त्यात वाक्य होतं, 'द मेंबर्स हू हॅड पेड द फी व्होटेड फॉर द चेंज.' मला वाटलं लांब आहे, वाचायला सोपं करूया, म्हणून मी 'मेंबर्स' नंतर आणि 'फी' नंतर असे दोन कॉमा टाकले, मोठ्या कौतुकाने. छापून गेल्यावर कळलं की निम्म्याच सभासदांनी फी भरली होती आणि भांडणच त्यावरून चाललं होतं. माझ्या दोन कॉमांनी सगळ्यांची फी भरून टाकली होती! शुद्धिपत्र काढावं लागलं. एक शब्द बदलला नव्हता मी.

नावांचंही हेच. 'माय ब्रदर रवी इज हिअर' म्हणजे भाऊ अनेक, त्यातला रवी. 'माय ब्रदर, रवी, इज हिअर' म्हणजे भाऊ एकच. रोजच्या लिखाणात कोणी एवढं ताणत नाही, पण कायद्याच्या कागदात ताणतात. आणि 'विचच्या आधी कॉमा हवाच' हे अमेरिकन पद्धतीत बहुतेक लागू, तिथे ओळख पटवणाऱ्या तुकड्याला दॅट वापरतात. ब्रिटिश लिखाणात तिथेही विच येतो आणि तेव्हा कॉमा नसतो. म्हणून शब्द बघून ठरवू नका, अर्थ बघा. दॅटच्या बाबतीत मात्र डोळे मिटून, हू-विचसारखा वापरलेल्या दॅटच्या आधी कॉमा नाही.

दोन कॉमा आले की ते कंसासारखे समजायचे, मधला मजकूर उचलला तरी वाक्य उभं राहिलं पाहिजे. हे किती महागात पडू शकतं याचं कॅनडातलं प्रकरण ऐकण्यासारखं आहे. रॉजर्स कंपनीचा विजेच्या खांबांवरून केबल नेण्याचा एक करार होता. त्यातलं वाक्य सोपं करून सांगायचं तर असं: करार ५ वर्षं चालेल, आणि त्यानंतर पुढच्या पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, जोवर एक वर्षाची लेखी नोटीस देऊन तो संपवला जात नाही. रॉजर्सचं म्हणणं, नोटिशीची अट फक्त दुसऱ्या भागाला, पहिली ५ वर्षं पक्की. पण इंग्लिश मजकुरात 'टर्म्स' या शब्दानंतर एक कॉमा होता. त्या कॉमाने 'आणि त्यानंतरच्या मुदती' हा मधला भाग दोन कॉमांत बंद झाला, आणि मधला तुकडा उचलला की नोटिशीची अट थेट पहिल्या ५ वर्षांना जाऊन चिकटते. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने विरामचिन्हांच्या नियमाचा हवाला देऊन रॉजर्सच्या विरोधात निकाल दिला. मग रॉजर्सने फ्रेंच मजकूर पुढे केला, त्यात ही संदिग्धता नव्हती, आणि २००७ मध्ये निकाल फिरला. मला यात मजा ही वाटते की कुणीतरी तो कॉमा बहुतेक निव्वळ दम घ्यायला टाकला असणार.

यादीतल्या कॉमावरून अमेरिकेतल्या मेन राज्यात असंच झालं होतं, ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही त्यांच्या यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं होतं, 'शिपमेंट' नंतर कॉमा नव्हता. मग वगळलेलं काम कुठलं, माल पोचवणं हे वेगळं काम, की पोचवण्यासाठीचं पॅकिंग? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅक करायचे नाहीत. २०१७ मध्ये अपील कोर्ट म्हणालं वाक्य संदिग्ध आहे, फायदा ड्रायव्हरांना, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतला तो शेवटचा कॉमा टाकायचा की नाही यावर अजून भांडणं होतात, मी टाकते, तुम्ही हवं तर नका टाकू, पण एकच काहीतरी करा.

मधे घुसणारे तुकडे एवढंच राहिलं. 'ही सेड दॅट, इफ इट रेन्ड, द मॅच वुड बी कॅन्सल्ड.' दॅटनंतर कॉमा आला ना? तो दॅटचा नाही, 'इफ इट रेन्ड' च्या जोडीतला पहिला आहे. जोडीतला एक टाकून दुसरा विसरणं ही इतकी कॉमन चूक आहे की मी शेवटच्या वाचनात फक्त तेवढंच बघते, प्रत्येक कॉमावर बोट ठेवून, याचा जोडीदार कुठे?

आता तुमचं वाक्य. 'हू हॅव नॉट सबमिटेड द फॉर्म' ला जो-तो लावा: ज्यांनी फॉर्म भरला नाही ते उमेदवार. नोटिशीला हेच म्हणायचंय, म्हणजे तो तुकडा ओळख पटवतोय, दोन्ही कॉमा गेले. ते ठेवले तर अर्थ होतो की कुणीच फॉर्म भरलेला नाही आणि कुणालाच सोडणार नाही. बिकॉजच्या आधी 'नॉट' आहे, म्हणून तिथला कॉमा चालतो, उलट ठेवलेला बरा. म्हणजे साहेबांनी तीनही ठिकाणी नेमकं उलटं केलंय. त्यांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.